शोध आपला, पडदा परक्यांचा

विरार स्थानकातून सकाळी सुटणाऱ्या चर्चगेट लोकलच्या कोणत्याही डब्यात डोकावावे, एक दृश्य हमखास दिसते. खिडकीशी बसलेला चाकरमानी, दोन बाकांच्या मध्ये उभा असलेला महाविद्यालयीन विद्यार्थी, दारातल्या दांडीला धरून लोंबकळणारा कारागीर, प्रत्येकाची नजर हातातल्या चकाकत्या पडद्यावर खिळलेली असते. साठ किलोमीटरचा प्रवास या पडद्याच्या सोबतीने सरतो. स्वस्त मोबाइल, घरातला दूरदर्शन संच, कार्यालयातला संगणक, दवाखान्यातले रक्तदाब मोजण्याचे यंत्र, या साऱ्यांच्या पडद्यांत बहुधा एकच पदार्थ काम करीत असतो. त्याचे नाव द्रव-स्फटिक.

या पदार्थाच्या विज्ञानातील एक मूलभूत शोध १९७७ साली बंगळूरूच्या एका प्रयोगशाळेत, भारतीय शास्त्रज्ञांच्या हातून लागला आणि एका भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, हे त्या डब्यातील किती जणांना ठाऊक असेल? ठाऊक नसण्यात त्यांचा दोष नाही. ज्यांनी सांगायचे त्यांनी ते सांगितले नाही. आणि ज्यांनी त्या ज्ञानाच्या आधारे उद्योग उभा करायचा, त्यांनी तो उभा केला नाही. पहिला अपराध विस्मरणाचा आहे. दुसरा करंटेपणाचा आहे आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

ना धड घन, ना धड द्रव

घन, द्रव आणि वायू अशा पदार्थाच्या तीन अवस्था शाळेत शिकवल्या जातात. निसर्ग मात्र क्रमिक पुस्तकाच्या चौकटीत बसत नाही. १८८८ साली प्राग येथे फ्रीडरिश राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून बनवलेल्या एका पदार्थात दोन द्रवणबिंदू आढळले. सुमारे १४५ अंश सेल्सिअसला तो वितळून गढूळ द्रव झाला आणि सुमारे १७८ अंशांना तो गढूळपणा जाऊन लख्ख पारदर्शक झाला. मधल्या अवस्थेतील हा द्रव वाहत होता, पण प्रकाशाशी स्फटिकासारखा वागत होता. ओटो लेहमान या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचा पाठपुरावा केला आणि विज्ञानाला एक नवी अवस्था मिळाली.

ही अवस्था समजून घ्यायला विरार लोकलसारखे दुसरे उदाहरण नाही. कवायतीच्या मैदानावरील रांगा म्हणजे घन पदार्थ. तेथे प्रत्येकाची जागाही ठरलेली असते आणि दिशाही. फलाटावर सैरावैरा धावणारी माणसे म्हणजे द्रव. तेथे जागा नाही आणि दिशाही नाही. खचाखच भरलेल्या डब्यात, उतरण्याचे स्थानक जवळ आले की, माणसे धक्क्यांनी मागेपुढे सरकत राहतात, कोणाची जागा निश्चित नसते, पण सर्वांची तोंडे मात्र दाराच्या दिशेला असतात. द्रव-स्फटिकातील काडीसारखे लांबट रेणू नेमके असेच वागतात. ते वाहतात, परंतु आपली दिशा सोडत नाहीत.

या शिस्तबद्ध गर्दीला विजेच्या अत्यल्प दाबाने वळवता येते, हेच पडद्याचे रहस्य आहे. दोन काचांमध्ये चार-पाच हजारांश मिलिमीटर एवढीच फट ठेवून तेथे द्रव-स्फटिक भरतात. दोन्ही काचांचे पृष्ठभाग असे संस्कारित केलेले असतात की, एका काचेपासून दुसरीपर्यंत जाताना रेणूंची दिशा काटकोनात वळते. ध्रुवकातून आलेला प्रकाश या वळणाबरोबर वळतो आणि पलीकडच्या ध्रुवकातून बाहेर पडतो. वीज दिली की रेणू उभे राहतात, वळण नाहीसे होते आणि प्रकाशाची वाट बंद होते. अशा लाखो सूक्ष्म झडपांची उघडझाप म्हणजे पडद्यावरील चित्र. ठरावीक तापमानापुढे ही शिस्त मोडते. उन्हात फार तापलेला पडदा कधी कधी काळवंडतो तो त्यामुळेच.

आणि हा पदार्थ लागतो तरी किती? ४३ इंची संचाच्या पडद्याचे क्षेत्रफळ आणि त्या फटीची जाडी यांचा गुणाकार केला, तर उत्तर जेमतेम दोन ग्रॅमच्या आसपास येते. मोबाइलच्या पडद्यात तर शंभर मिलिग्रॅमही नसतो. पण तो इतका शुद्ध असावा लागतो की, विजेचा भार वाहणाऱ्या अशुद्धीचा लवलेशही चालत नाही. किंमत वजनाला नाही, शुद्धतेला आहे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सारा वाद त्याच्याशी निगडित आहे.

नागपूरचा पदवीधर, बंगळूरूचा शोध

शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांचा जन्म १९३० साली कोलकात्यात झाला. ते सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे भाचे. ताऱ्यांच्या अभ्यासासाठी १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळालेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे निराळे, तेही रामन यांचे पुतणे. द्रव-स्फटिकांचे चंद्रशेखर नागपूर विद्यापीठाचे विद्यार्थी. तेथून १९५१ साली त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली आणि बंगळूरूत रामन यांच्या हाताखाली केलेल्या संशोधनाबद्दल नागपूर विद्यापीठानेच १९५४ साली त्यांना डॉक्टरेट दिली. पुढे केंब्रिज, मग म्हैसूर विद्यापीठ, आणि १९७१ साली बंगळूरूच्या रामन संशोधन संस्थेत द्रव-स्फटिकांची स्वतंत्र प्रयोगशाळा, असा त्यांचा प्रवास झाला.

तोवर जवळपास नव्वद वर्षे अशी समजूत होती की, द्रव-स्फटिक बनायचा तर रेणू काडीसारखा लांबट हवा. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश या तिघांनी ती मोडून काढली. त्यांनी चकतीसारखे चपटे रेणू तयार केले आणि ते भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक रचले जाऊन खांब बनतात, हे खांब शेजारी शेजारी उभे राहून द्रव-स्फटिकाची सर्वस्वी नवी अवस्था घडवतात, हे दाखवून दिले. हा निबंध १९७७ साली ‘प्रमाण’ या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परदेशी नियतकालिकाची मोहोर लागल्याशिवाय संशोधनाला मोल नाही, असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. मोलाचे काही असेल तर जग भारतीय नियतकालिकही उघडून वाचते. जगाने ते वाचले आणि त्यातून संशोधनाची एक शाखाच उभी राहिली.

१९९० साली आंतरराष्ट्रीय द्रव-स्फटिक संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे संस्थापक अध्यक्ष चंद्रशेखरच होते. १९९१ साली त्यांनी भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने बंगळूरूत द्रव-स्फटिक संशोधन केंद्र उभारले. १९९८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २००४ साली त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रातील किती शाळांत त्यांची तसबीर आहे? ज्या विद्यापीठाने त्यांना घडवले, त्या विदर्भाच्या मातीत तरी त्यांचे नाव किती जणांच्या ओठांवर आहे? प्राचीन ग्रंथांत सारे विज्ञान दडलेले होते, असे टाळ्यांच्या गजरात सांगणारे वक्ते गावोगावी मिळतात. परंतु डोळ्यांदेखत, स्वतंत्र भारतात, भारतीयांनी लावलेल्या निर्विवाद शोधाचा अभिमान बाळगायला कोणी पुढे येत नाही. पूर्वजांचा गौरव करणे सोपे आहे, कारण त्यासाठी प्रयोगशाळा चालवावी लागत नाही.

बी येथले, पीक तेथले

आता या शोधाचे पुढे काय झाले ते पाहावे. जुन्या पडद्यांचा एक मोठा दोष होता. समोरून चित्र स्वच्छ दिसे, पण बाजूने पाहिले की रंग उलटेपालटे होत. जपानच्या फुजी फोटो फिल्म या कंपनीने १९९० च्या दशकात चकतीसारख्या रेणूंच्या द्रव-स्फटिकांचा पातळ थर दिलेली फिल्म बनवली. ती पडद्यावर बसवताच पाहण्याचा कोन रुंदावला आणि जगभरातील संगणकांचे पडदे सुधारले. रेणूंचे हे कुळ ज्या देशात प्रथम ओळखले गेले, त्या देशात तयार पडदे आयात होऊ लागले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. शोध एकाचा आणि नफा दुसऱ्याचा, हे दुर्दैव केवळ भारताच्या वाट्याला आलेले नाही. १९६८ साली द्रव-स्फटिकांचा पडदा जगापुढे मांडला तो अमेरिकेच्या आरसीए कंपनीतील जॉर्ज हाइलमायर यांच्या चमूने. पण आपल्याच चित्रनलिकांच्या धंद्याला धक्का नको म्हणून कंपनीने हात आखडला आणि १९७६ साली हा विभाग टायमेक्स या घड्याळ कंपनीला विकून टाकला. जपानच्या शार्पने मात्र १९७३ सालीच असा पडदा लावलेला खिशातला गणकयंत्र बाजारात आणला होता. विज्ञान कोणाच्याही घरी जन्मते, ते मोठे होते ते त्याला पोसणाऱ्याच्या घरी.

महाराष्ट्राच्या अनुभवातच याहून झोंबणारा धडा आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वाढलेल्या व्हिडिओकॉनने २००५ साली फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिकांचा जगभर पसरलेला धंदा विकत घेतला. त्या वेळी वृत्तपत्रांनी भारतीय उद्योगाची विश्वविजयी झेप म्हणून त्याचे कौतुक केले. पण २००७ च्या अखेरीस जगात द्रव-स्फटिकांचे संच चित्रनलिकांच्या संचांपेक्षा अधिक संख्येने विकले जाऊ लागले आणि मराठवाड्याच्या त्या उद्योगावर २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जाण्याची पाळी आली.

याच काळात चीनने काय केले? बीजिंगच्या जुन्या इलेक्ट्रॉन नलिका कारखान्यातून १९९३ साली बीओई ही कंपनी निघाली. तिनेही परदेशी धंदा विकत घेतला, तो २००३ साली, दक्षिण कोरियाच्या हायनिक्सकडून. पण घेतला तो द्रव-स्फटिकांच्या पडद्यांचा. दोघांचे मूळ नलिकेतच. एकाने मावळता सूर्य विकत घेतला, दुसऱ्याने उगवता. बीओईने पुढे कित्येक वर्षे तोटा सोसला, तिथल्या नगर प्रशासनांनी तिला भांडवल पुरवले आणि हात सोडला नाही. आज या पडद्यांच्या जागतिक उत्पादनात निम्म्याहून कितीतरी अधिक वाटा चीनचा आहे. शार्पच्या साकाई कारखान्यानेही २०२४ साली दूरदर्शन संचांचे पडदे बनवणे थांबवले. चिनी वस्तूंवर बहिष्काराच्या घोषणा देणाऱ्यांनी खिशातला फोन काढून एकवार उलटसुलट करून पाहावा. घोषणा लिहिली जाते तीही बहुधा चिनी पडद्यावरच.

जोडणीला निर्मिती म्हणू नये

देशात मोबाइलची जोडणी मोठ्या प्रमाणावर होऊ लागली, ही समाधानाचीच गोष्ट आहे. तिची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु जोडणी म्हणजे निर्मिती नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवे. दूरदर्शन संचाचा कणा असलेला ‘ओपन सेल’, म्हणजे काचेतील द्रव-स्फटिकांचा तयार फलक, बाहेरून येतो. त्याच्या सुट्या भागांवरील आयात शुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात पाचवरून अडीच टक्क्यांवर आले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पूर्ण माफ झाले. येथे कोणी हे फलक निदान जोडावेत, यासाठी ही सवलत. हेतू चांगला आहे, पण त्यातूनच आजची पायरी कोणती हे कळते.

पडद्यांच्या कारखान्याची स्वप्ने महाराष्ट्राने दोनदा पाहिली. २०१६ साली सुमारे १० अब्ज डॉलर गुंतवणुकीचा पडदा प्रकल्प राज्यात येणार, असा गाजावाजा झाला. तो आला नाही. २०२२ साली वेदांत आणि फॉक्सकॉन यांचा चिप व पडद्यांचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार असे जाहीर झाले आणि येथे मोर्चे निघाले, चिखलफेक झाली. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि तो संयुक्त प्रकल्प कोणत्याच राज्यात उभा राहिला नाही. प्रकल्प कोणाच्या अंगणात बसणार यावर सारे भांडले, पण तंत्रज्ञान कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न एकाही पक्षाने विचारला नाही. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये चिप आणि पडदे यांसाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. २०२४ अखेरपर्यंत तिच्यातून मंजूर झालेले पाचही मोठे प्रकल्प चिपचे होते. पडद्यांचा त्यांत एकही नव्हता.

‘आता उशीर झाला’ म्हणणाऱ्यांना

येथे शहाणी माणसे म्हणतात की, द्रव-स्फटिकांचा जमाना संपत आला, महागड्या फोनांत स्वयंप्रकाशी पडदे आले, मग गेलेल्या गाडीमागे कशाला धावायचे? या युक्तिवादात एक गफलत आहे. द्रव-स्फटिक म्हणजे केवळ दूरदर्शनचा पडदा, असे त्यांनी गृहीत धरले आहे.

वस्तुस्थिती फार वेगळी आहे. बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटातील केव्हलारचा धागा द्रव-स्फटिकी द्रावणातूनच ओढला जातो. ड्युपाँट कंपनीतील स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली तो वाट मोकळी केली. सीमेवरील जवानाच्या छातीशी या विज्ञानाचा असा संबंध आहे. कपाळावर लावताच रंग बदलून ताप दाखवणारी पट्टी, विजेची कळ दाबताच पारदर्शक होणारी खिडकीची काच, उपग्रहाशी संपर्क ठेवणारा आणि न हलता दिशा बदलणारा सपाट अँटेना, ही सारी आजच वापरात असलेली उदाहरणे आहेत. उष्णता किंवा प्रकाश मिळताच आकुंचन पावणारे द्रव-स्फटिकी रबर उद्या कृत्रिम स्नायूंचे काम करील, अशी खटपट चालू आहे. आणि चकतीसारख्या रेणूंचे ते खांब? त्यांच्या लांबीच्या दिशेने विद्युतभार सहज वाहू शकतो. रेणूंची ही जणू वीजवाहक तार सौरपत्र्यांत आणि वायू ओळखणाऱ्या संवेदकांत वापरता यावी, यासाठी जगभर प्रयत्न होत आहेत. १९७७ च्या शोधाचे खरे पीक अजून कापायचेच आहे. एक गाडी गेली हे खरे, पण दुसरी फलाटावर उभी आहे.

देशात जाणकारांची वानवा आहे, असेही नाही. चंद्रशेखर यांनी स्थापन केलेले केंद्र आज नॅनो व मृदू पदार्थ विज्ञान केंद्र म्हणून काम करते. तेथे काचेवर धातूचे अतिसूक्ष्म जाळे पसरवून वीजवाहक पारदर्शक काच तयार करण्याचे तंत्र विकसित झाले आणि बंगळूरूच्याच एका उद्योगासोबत प्रायोगिक उत्पादनापर्यंत पोहोचले. प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यातली दरी अशा पुलांनीच बुजते. प्रश्न एवढाच की, असे पूल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच का असावेत?

पालघरने काय करावे

या प्रश्नाचे एक उत्तर विरारपासून उत्तरेकडे काही स्थानकांवर आहे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची आणि रंगांची मध्यवर्ती रसायने बनतात. द्रव-स्फटिक हेही शेवटी सेंद्रिय रसायनच. १९७३ साली इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी बनवलेल्या ज्या रसायनांनी पडद्यांचा उद्योग शक्य केला, ती बनवण्याची विद्या औषधी रसायनांच्या विद्येपासून फार दूरची नाही. अंतर आहे ते शुद्धतेचे आणि मोजमापाच्या काटेकोरपणाचे. जर्मनीच्या मर्क कंपनीने औषधांबरोबरच द्रव-स्फटिकांची विक्री विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू केली आणि पुढे त्या बळावर जगाच्या पडद्यांना माल पुरवला. पडद्याच्या कारखान्याला अब्जावधी डॉलर लागतात. पडद्यातील पदार्थाला ते लागत नाहीत. त्याला लागतो उत्तम रसायनज्ञ, स्वच्छ प्रयोगशाळा आणि दहा वर्षांचा धीर.

तारापूरचे नाव घेताच प्रदूषणाची आठवण होते आणि ती व्हायलाच हवी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात ही वसाहत देशातील अत्यंत प्रदूषित क्षेत्रांच्या यादीत अगदी वर होती. टनावारी स्वस्त रसायन बनवून खाडीत सांडपाणी सोडायचे, की किलोवारी अतिशुद्ध रसायन बनवून मूल्य कमवायचे, हा निर्णयही यातच आहे. ज्या वसाहतीला आपले सांडपाणी शुद्ध करता येत नाही, तिला द्रव-स्फटिक शुद्ध करता येणार नाही, हेही कठोरपणे सांगितले पाहिजे.

वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली, नवघर या भागांत छोट्या उद्योगांचे गाळे आहेत. साचे, सुटे भाग, जोडणी या कामांत तेथील कारागिरांचा हात बसलेला आहे. वीजमापक, वैद्यकीय उपकरणे, वजनकाटे यांना लागणारे लहान पडदे आणि कळीसरशी पारदर्शक होणाऱ्या काचा हे काम या गाळ्यांच्या आवाक्यातले ठरू शकते. वसई-विरारच्या महाविद्यालयांतून दरवर्षी रसायन आणि भौतिकशास्त्राचे पदवीधर बाहेर पडतात आणि लोकलमध्ये चढून मुंबईत मिळेल ती नोकरी धरतात. त्यांच्या विद्येला जिल्ह्यातच काम मिळावे, ही मागणी अवास्तव नाही. महाविद्यालयांनी आपल्या प्रयोगशाळा उद्योगांना खुल्या कराव्यात, उद्योजकांनी नफ्यातील चार पैसे संशोधनात घालावेत आणि सरकारी खात्यांनी खरेदी करताना स्वदेशी पडद्याला पहिल्या काही वर्षांची हमी द्यावी. बाजारात स्वस्त मिळते म्हणून सारे बाहेरून घ्यायचे ठरवले, तर विकणाऱ्याने हात आखडल्यावर काय करायचे, हेही आजच ठरवून ठेवावे.

नालासोपारा हे प्राचीन शूर्पारक. येथून कधीकाळी जगाच्या बाजारात माल जात असे. आज त्याच गावातील तुळिंज रस्त्यावर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फुटलेला पडदा बदलून दिला जातो. कुशल बोटांचा तरुण दहा मिनिटांत जुना ‘फोल्डर’ काढून नवा बसवतो. ज्या खोक्यातून तो नवा पडदा निघतो, त्यावर छापलेले देशाचे नाव वाचावे. त्या तरुणाच्या बोटांत काही कमी नाही. कमी आहे ती त्याच्या बोटांवर विश्वास ठेवणाऱ्या व्यवस्थेत.

वसईचा किल्ला घोषणांनी पडलेला नाही. १७३७ साली सुरू झालेली चिमाजी आप्पांची मोहीम १७३९ च्या मे महिन्यात फळाला आली. मधल्या काळात हल्ले परतवले गेले, तटाखाली खणलेले काही सुरुंग अवेळी उडाले, माणसे कामी आली, पण मोर्चे उठले नाहीत. प्रयोगशाळेतील लढाईही अशीच असते. पहिले सुरुंग फसतात, पहिली वर्षे तोट्यात जातात. त्या वेळी मोर्चा उठवायचा नाही, एवढाच निर्धार जपानने केला, कोरियाने केला, चीनने केला. चकतीसारख्या रेणूंचे खांब भारतात प्रथम उभे राहिले. त्या खांबांवर छप्पर घालण्याचे काम अजून शिल्लक आहे आणि ते दुसरे कोणी येऊन करून देणार नाही.